पिशवी काढली, पण अंडाशय?

मी केमहून बोलतेय. आमच्या गावचं कुंकू तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात असेल. आज मात्र हाडांबद्दल बोलायचंय, आणि गोष्ट सुरू होते पिशवीपासून.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ३२व्या वर्षी पिशवी काढली. अंगावरून पांढरं जायचं, आणि ऊसतोडीला तर जायचंच होतं. डॉक्टर म्हणाले, दोन लेकरं झाली, आता पिशवी ठेवून काय करायचं? ४१व्या वर्षी त्या गोठ्यात घसरल्या. नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. प्लास्टर झालं, पण हाड एवढ्या सहज कसं मोडलं, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

अशा बाया खूप आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांसाठी २०१९ साली सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

आता नीट ऐका. पिशवी वेगळी, अंडाशय वेगळे. पिशवीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या अंडाशयांतून इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं, आणि हाडाची झीज तेच रोखून धरतं. नुसती पिशवी काढली तर अंडाशय काम करत राहतात. दोन्ही अंडाशय काढले तर पन्नाशीच्या सुमारास येणारी अवस्था तिशीतच येते. अंगातून वाफा निघतात, झोप जाते, आणि हाड आतून विरळ होत जातं. ते मात्र दुखत नाही, म्हणून मोडेपर्यंत कळत नाही.

यासाठी हार्मोनचे डॉक्टर असतात, एंडोक्रायनॉलॉजिस्ट. नाव पाठ नाही झालं तरी चालेल, ‘हार्मोनचे डॉक्टर’ म्हणा. थायरॉईड आणि शुगरवालेही हेच. ते कंबरेची आणि खुब्याची डेक्सा तपासणी सांगतात. त्यात हाड किती विरळ झालंय ते दिसतं. रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉईड बघतात. थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तरी हाड झिजतं. लहान वयात अंडाशय गेले असतील तर पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या देता येतात. पण स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर सहसा देत नाहीत, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका.

आणखी एक विचारतात, ते लपवू नका. सांधे दुखतात म्हणून आपण बिननावाच्या पुड्या खातो. त्यात कधी कधी स्टिरॉइड असतं. पुडी लगेच बरं वाटायला लावते आणि हाड खाते. पण बरेच महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडवायची असते.

नाचणी, तीळ, दूध, ताक रोज खाण्यात असू द्या. पण अंडाशय गेलेल्या बाईला तेवढ्यानं पुरत नाही.

ऑपरेशनचा कागद शोधा. ‘दोन्ही अंडाशय काढले’ असं त्यावर आहे का, ते आशाताईंकडून वाचून घ्या. जाऊबाईंचा कागद पत्र्याच्या पेटीत, लेकीच्या बारशाच्या कुंचीखाली सापडला. दोन्ही काढलेत. सोमवारी आम्ही दोघी केम स्टेशनवरून पुण्याची गाडी धरतोय.