भुलेतील घोडा आणि रक्तातील प्राणवायू

घोड्याला भूल देणे हे पशुशल्यचिकित्सेतील फार जोखमीचे काम आहे. कारण साडेचारशे-पाचशे किलोंचा हा प्राणी आडवा झाला की आतड्यांचा भार श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांमधील स्नायूच्या पडद्यावर येतो, खालचे फुप्फुस दबते आणि त्यातून वाहणारे बरेचसे रक्त प्राणवायू न घेताच पुढे जाते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पोटशूळाच्या शस्त्रक्रिया वगळूनही, शंभरात जवळपास एक घोडा भुलेनंतर सात दिवसांच्या आत दगावल्याचे आढळले होते.

करोनाकाळात खानापूर-बेळगावकडे घरोघरी बोटाला लावला गेलेला ऑक्सिमीटर येथेही उपयोगी पडतो. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश रक्तात किती शोषले जातात यावरून, प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण तो दाखवतो. घोड्याच्या बाबतीत त्याचा चिमटा जिभेला लावतात. मात्र चिमट्याच्या दाबाने तेथील रक्त ओसरून आकडा उगीचच घसरतो, म्हणून जीभ ओली ठेवून चिमटा अधूनमधून सरकवावा लागतो.

या आकड्याचा अर्थ मात्र ठिकाणानुसार बदलतो. मोठ्या रुग्णालयात घोडा शुद्ध प्राणवायू घेत असतो, तेव्हा धमनीतील प्राणवायूचा दाब पाचशे मिलिमीटर पाऱ्यावरून शंभरापर्यंत कोसळला तरी ऑक्सिमीटर जवळपास तोच आकडा दाखवत राहतो, आणि खरी स्थिती धमनीतील रक्त तपासल्यावरच कळते. याउलट शिवारात खच्चीकरणासाठी झायलाझिन-केटामिन देऊन निजवलेला घोडा साधी हवा घेतो, तेव्हा हा दाब साठ-सत्तरपर्यंत उतरू शकतो. तेथून पुढची थोडी घटही आकड्यात लगेच उमटते. म्हणजे जेथे साधने सर्वांत तोकडी, तेथेच हे छोटे यंत्र सर्वाधिक बोलते.

माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी ज्या अंकलीहून अश्व आळंदीला चालत जातात आणि ज्या सीमाभागात घोडागाड्यांच्या शर्यतींचा शौक आजही टिकून आहे, तेथील पशुवैद्यांच्या पेटीत ते असणे ही चैन नव्हे. आकडा नव्वदच्या खाली गेल्यास चिमट्याची जागा बदलून खात्री करावी, म्होरकी सैल करून नाकपुड्या मोकळ्या आहेत ना हे पाहावे, कारण घोडा एरवी तोंडाने श्वास घेत नाही, आणि नाकातून नळी घालून मिनिटाला पंधरा लिटरपर्यंत प्राणवायू सोडावा. त्यासाठी भरलेला सिलिंडर घोडा निजवण्याआधीच जवळ असायला हवा.