धावणाऱ्या मुलीचा हिशेब

(शाळेच्या निरोपसमारंभात एका वकिलांनी केलेले भाषण)



मी टिपण तयार करून आणले होते. परंतु बारावीच्या ज्या विद्यार्थिनीने आताच आपले मनोगत सांगितले, ते ऐकून मी ते टिपण खिशात ठेवले आहे. तिला उत्तर देणे हेच आज माझे कर्तव्य होय, असे मी समजतो.

ती म्हणाली की, सातवीत ती प्रथम धावली आणि शेवटची आली. पुढे तिने पहाटेचा सराव कधी चुकविला नाही. १५०० आणि ३००० मीटरच्या शर्यतींत ती जिल्ह्यात दुसरी आली, विभागात पाचवी आली. राज्याच्या स्पर्धेपर्यंत मात्र ती पोहोचली नाही. आता शाळा संपली आणि धावणेही संपले. शेवटी ती म्हणाली, "हिशेब केला तर हाती शून्यच उरते." त्या वेळी तिच्या वडिलांनी मान खाली घातलेली मी पाहिली.

मी धंद्याने वकील आहे. पुरावा पाहिल्यावाचून कोणताही हिशेब मान्य करावयाचा नाही, अशी मला सवय आहे. म्हणून मी तिची सरावाची वही मागून घेतली. आठवीत १५०० मीटरला तिला ७ मिनिटे ५ सेकंद लागत होते. यंदा ५ मिनिटे १५ सेकंद लागले. हे एक मिनिट पन्नास सेकंद तिला कोणी दान दिलेले नाहीत. ते तिने स्वतःच्या पायांनी मिळविले आहेत. तेव्हा शून्याचा दावा येथेच फेटाळला जातो.

दुसरा पुरावा इतिहासाचा आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथमच ८०० मीटर धावू देण्यात आले. जर्मनीची लीना राडके हिने २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम करून ती शर्यत जिंकली. परंतु शर्यतीअखेर स्त्रिया थकून कोसळल्या, असा गवगवा वृत्तपत्रांनी केला, आणि ही शर्यत स्त्रियांसाठी बंद झाली. दमलेला पुरुष शूर ठरला आणि दमलेली स्त्री अपात्र ठरली! तो दरवाजा पुन्हा उघडण्यास १९६० साल उजाडावे लागले. १५०० मीटरची शर्यत स्त्रियांना १९७२ साली मिळाली. ३००० मीटर आणि मॅरेथॉन १९८४ साली. आपली मुलगी जिला सहज 'माझी शर्यत' म्हणते, ती तिच्या आजीच्या तरुणपणी ऑलिंपिकमध्ये कोणत्याही स्त्रीसाठी नव्हती. जो हक्क मिळण्यास एवढी वर्षे लागली, तो वापरणाऱ्या मुलीच्या हाती शून्य आहे असे कोण म्हणेल?

तिसरा पुरावा आपल्याच मुलुखातला आहे. सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. तेथील मोही गावची ललिता बाबर लांब पल्ल्याची धावपटू. ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडीत धावण्याची शर्यत, तिने पंचविशीच्या सुमारास हाती घेतली. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळाले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ती दहावी आली. लांब पल्ल्याच्या धावपटूची खरी ताकद बहुधा विशीनंतर येते. अठराव्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आलेली मुलगी पुढे काय करील, याचा निकाल आज कोणी द्यावा?

तथापि मी खोटी आशा दाखविणार नाही. जिल्ह्यातील दुसऱ्या क्रमांकावर सरकारी नोकरी मिळत नाही. बहुतेक धावपटूंना पदक मिळत नाही. अभ्यास सोडून धाव, असेही मी सांगणार नाही. मी स्वतः बारावीपर्यंत धावत होतो. "धावण्याने पोट भरत नाही," असे वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि मी थांबलो. पोट वकिलीने भरले, हे खरे. परंतु कायद्याचा अभ्यास आणि पहाटेचा एक तास यांचे वैर नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

यास्तव माझी विनंती मुलीला नसून तिच्या आईवडिलांना आहे. दादा, रस्ता अंधारा आहे, ही आपली काळजी रास्त आहे; तर गावातील आणखी चार मुली तिच्याबरोबर धाडा, किंवा उजाडल्यावर धावू द्या. बुटांचा खर्च आहे. तो आपण सारे मिळून उचलू, पहिली वर्गणी माझी. ताई, घरात सर्वांच्या शेवटी मुलीचे ताट वाढू नका. धावणाऱ्या शरीराला पोटभर अन्न लागते. राहिली लोकांची बोलणी. ती १९२८ सालीही होती आणि ती खोटी ठरली आहेत.

आणि मुली, जूनमध्ये कॉलेजात नाव घालशील, त्याच दिवशी तेथील क्रीडाशिक्षकांना भेट. विद्यापीठांच्याही स्पर्धा असतात. वहीची पुढची पाने कोरी आहेत. पुढच्या वर्षी मी ती पुन्हा मागणार आहे.