हातमोज्याचा चीक

उंबराचं पान तोडलं की पांढरा चीक निघतो. रुईचाही निघतो, तो मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका. रबरी हातमोजे, फुगे, निरोध हे अशाच एका झाडाच्या चिकापासून होतात. झाड मूळचं ब्राझीलचं. आज केरळात त्याच्या मोठ्या बागा आहेत, आणि आपल्या राज्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे.

लागवडीनंतर साधारण 7 वर्षांनी झाड चीक देतं. कामगार पहाटेच सालीवर तिरपी चीर देतात, कारण ऊन चढलं की धार मंदावते. चीर लाकडापर्यंत गेली तर झाड दुखावतं. कसबी हाताचंच काम ते! करवंटीत जमलेल्या चिकात जेमतेम तिसरा हिस्सा रबर, बाकी बहुतेक पाणी. आम्ल घातलं तर दह्यासारखा गोठतो, त्याचं पुढे टायर वगैरे. अमोनिया घातला तर पातळ राहतो. त्यात हाताच्या आकाराचे चिनी मातीचे साचे बुडवून तापवले की हातमोजा तयार.

गटात फिनाईल करताना आम्ही असेच हातमोजे घालतो. हाताला तेल असलं की ते लवकर फाटतात. या रबराला तेल सोसतच नाही, ते फुगतं आणि कमजोर होतं. हातमोजा फाटला तर दुसरा आणू. पण निरोधचंही तसंच आहे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर तो थोड्याच मिनिटांत कमजोर होतो. गरज असेल तर पाण्यातली जेली मिळते. घरच्या माणसाला हे सांगायला लाजू नका, दिवस राहिले तर भोगायचं आपल्यालाच. पाकिटं उन्हात ठेवू नका, वरची तारीख बघा.

आणखी एक. काहींच्या अंगाला या चिकातली प्रथिनं चालत नाहीत. हातमोजा घातला किंवा फुगा फुगवला की खाज सुटते, गांधी उठतात, ओठ सुजतात. त्यातल्या काहींना केळी, पपईनेही त्रास होतो. अशा बाईने बाळंतपणाला जाताना डॉक्टरांना, नर्सताईंना आधीच सांगावं, म्हणजे ते नायट्राइलचे हातमोजे वापरतील. त्यात चीक नसतो. आणि कुणाला दम लागला, तर हळद-तूप करत बसू नका, लगेच 108 ला फोन लावा.