किल्ल्याबरोबर खाडीही


सुट्टीत पाहुणे आले, की आपण त्यांना किल्ले दाखवतो.
या वेळी किल्ल्याबरोबर खाडीही दाखवा.

दाभोळचंच बघा.
वाशिष्ठी नदी इथे समुद्राला मिळते.
बहामनी काळात हे नावाजलेलं बंदर होतं.
अरबस्तानातले घोडे इथे उतरत.
पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी निकितीन
मायदेशी निघाला, तो इथूनच.
जुनी मशीद आजही किनाऱ्याजवळ उभी आहे.
आणि फेरीबोट तुम्हाला गाडीसकट पलीकडे धोपाव्याला नेते.

तसाच जयगड.
शास्त्री नदीच्या मुखाशी किल्ला,
आत खाडीकाठी कांदळवन.

तिथे ओहोटीला जा.
चिखलातून बोटाएवढी मुळं वर आलेली दिसतील.
ती तिवराची.
चिखलात हवा कमी,
म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं.
आता पानावर बोट फिरवा, आणि जिभेला लावा.
खारट!
अंगातलं जास्तीचं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

याच मुळांच्या आडोशाला
कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात.
आपल्या ताटातल्या कितीतरी मासळीचं बालपण इथलंच.

चिखलात मात्र उतरू नका.
कालवांच्या कडा पाय चिरतात.
काठावरूनही भरपूर दिसतं.

तेव्हा, किल्ल्याबरोबर खाडीही.
ओहोटीची वेळ तिथल्या होडीवाल्याला विचारा.
आजची तिथी कळली, की तो घड्याळ न बघता सांगेल.