मुक्काम टिकालला

श्रोतेहो, मुलांकडे अमेरिकेला गेलेली आपली बरीच मंडळी हल्ली तिथून माया लोकांची जुनी शहरं पाहायला जातात. सकाळी कानकुनहून बसमध्ये बसायचं, चिचेन इत्झाच्या पिरॅमिडसमोर फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत परत. ग्वाटेमालातल्या टिकाललाही तसंच. फ्लोरेसला विमानातून उतरायचं, साठ-पासष्ट किलोमीटर जायचं, जेवून परत फिरायचं. माझं सांगणं एवढंच, की असं करू नका. अवशेषांना लागून हॉटेलं आहेत, तर एक रात्र तिथे राहा.

लग्नाला ऐन मुहूर्तावर पोचून अक्षता टाकणारा, पंगत उरकून, आहेराचं पाकीट देऊन एस.टी. गाठणारा पाहुणाही लग्नाला गेलेलाच असतो. पण आदल्या दिवशी पोचलेल्याला देवक बसताना दिसतं, रात्री माजघरातली बोलणी ऐकू येतात, पहाटे चूल पेटताना तो जागा असतो. त्याला ते घर कळतं. टिकालला सकाळी दहाला पोचणारा प्रवासी हा असा मुहूर्ताचा पाहुणा आहे.

का ते सांगतो. मुख्य चौकात दोन मंदिरं समोरासमोर उभी आहेत. पहिलं सुमारे 47 मीटर उंच, आठव्या शतकातलं. हसाव चान काविल हा राजा त्याच्या पोटात पुरलेला आहे. या मंदिराचं तोंड पश्चिमेला, समोरच्याचं पूर्वेला. म्हणजे सकाळचं ऊन एकाच्या पायऱ्यांवर, मावळतीचं दुसऱ्याच्या. भर दुपारी दोन्ही सपाट, पांढुरकी दिसतात. चौकात उभ्या केलेल्या कोरीव शिळांचंही तेच. चुनखडीचा दगड, हजार-बाराशे पावसाळे खाल्लेला. दुपारी कुणी बोट ठेवून दाखवलं तरी कोरीवकाम नीट उमगत नाही. ऊन तिरपं झालं, की खाचाखाचांत सावली भरते आणि राजाच्या टोपातली पिसं एकेक सुटी होतात, शेजारची चौकोनी अक्षरं वर येतात. हे पाहायला संध्याकाळी तिथे असावं लागतं, आणि तेव्हा तुमची बस फ्लोरेसच्या वाटेला लागलेली असते!

पहाटेचं तर विचारूच नका. अंधारातच हाउलर माकडं ओरडू लागतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघच वाटतो. चौथं मंदिर साधारण 65 मीटर उंच. बाजूच्या लाकडी जिन्याने वर गेलं, की खाली धुकं आणि धुक्यातून वर आलेले बाकीच्या मंदिरांचे माथे. हॉटेलच्या अंगणात मोरासारखे डोळे शेपटीवर असलेल्या रानटर्की निवांत चरत असतात.

आणि राहिल्यावर पाण्याचं कोडं उलगडतं. टिकालला नदी नाही. एवढं मोठं शहर उभं होतं ते पावसाच्या पाण्यावर. चौक, अंगणं चुन्याने गिलावा केलेली, उतार असा दिलेला, की पाऊस पडला की पाणी वाहत जाऊन तलावांत साठावं. पावसाळ्यात मुक्काम करून एखादी सर तिथे पाहिलीत, तर पाणी कुठून कुठे धावतं ते पुस्तक न उघडता समजेल. पुन्हा सांगतो, दोन तासांच्या भेटीत हे हाती लागत नाही.

तिथल्या एका हॉटेलची जुनी घरं मुळात उत्खननाला आलेल्या संशोधकांसाठी बांधली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं ते काम 1956 ते 1970 चाललं. ती माणसंसुद्धा राहिली, म्हणून त्यांना सापडलं. आदल्या दिवशी आलेले पाहुणे ते.

मंदिरांच्या दारांवरच्या तुळयांबद्दलही बोलायचं होतं. त्या चिकूच्या लाकडाच्या आहेत. हो, घोलवड-डहाणूच्या बागांत उभं असतं तेच झाड. बाराशे वर्षं टिकलेलं लाकूड! चौथ्या मंदिरातल्या कोरीव तुळया आता स्वित्झर्लंडमध्ये बाझलला आहेत, आणि त्या तिथे कशा गेल्या ही गोष्ट... पण काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे.

तेव्हा थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. उद्यानात हॉटेलं मोजकीच, खोली आधीच ठरवून ठेवा. आमच्या मुक्कामात रात्री जनरेटर बंद व्हायचा, म्हणून उशाशी बॅटरी असू द्या. आणि मुलांनी दिवसभराच्या सहलीचं तिकीट काढून ठेवलं असेल, तर त्यांना आजच फोन करा.