स्नानातील विवेक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सांगानेर येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत इतिहास, संतवाङ्मय, नाट्यसंगीत अशा थोर विषयांवर भाषणे झाली. त्यानंतर अंगाला साबण कसा लावावा या विषयावर मी बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. ते मी आनंदाने स्वीकारते. परंतु जी गोष्ट आपण वर्षातून तीनशे पासष्ट वेळा करतो, तिचा विचार आयुष्यात एकदाही करीत नाही. घर सोडून दूर आलेल्या माणसाला तर तो करावाच लागतो. कारण स्नानाची रीत आपण बरोबर आणतो, पाणी मात्र आणता येत नाही.

माझ्या सासूबाई सातारा जिल्ह्यातून आमच्याकडे कायमच्या राहावयास आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी न्हाणीतून हाक आली, "अगं, या साबणाला फेसच येत नाही. दुसरा दे बघू." दुसरा दिला, तिसरा दिला. दोष साबणाचा नव्हताच. आमच्या घरी तेव्हा बोअरचे पाणी होते, आणि ते शाळेच्या पुस्तकात ज्याला 'दुष्फेन' म्हणत त्या जातीचे. अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबणातील मेदाम्लांशी त्यांचा संयोग होतो आणि पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो करडा, चिकट थर बसतो तो हाच. आणि तोच थोडाफार अंगावरही राहतो. सासूबाईंचे म्हणणे मात्र ठाम होते : फेस आला नाही म्हणजे मळ निघाला नाही. म्हणून त्या साबण दुप्पट लावीत, पाणी अधिक कढत घेत आणि अंग अधिक जोराने घासत. जयपूरचा कोरडा हिवाळा सुरू झाला, तशा त्यांच्या पोटऱ्यांवर भेगा पडू लागल्या.

सांगानेरला राहून कापडाचा दृष्टांत टाळणे कठीण आहे. येथील छिपा मंडळी फिकट जमिनीवर नाजूक बुट्टे उठवितात. पण ठसा हाती घेण्यापूर्वी कोरे कापड धुऊन त्यातील खळ काढून टाकतात, कारण खळ राहिली तर रंग धाग्यात उतरत नाही. कापडाला लागू असलेला हा न्याय आपण नकळत आपल्या त्वचेलाही लावतो. त्वचेच्या बाह्य थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य गिलाव्याचे काम करते. शरीरातील ओलावा त्यामुळे आत राहतो. कापडातील खळ काढावयाची असते, त्वचेतील हे स्निग्ध द्रव्य राखावयाचे असते. अंग 'करकरीत' स्वच्छ झाले असे ज्याला आपण समाधानाने म्हणतो, ते पुष्कळदा हा गिलावाच धुऊन गेल्याचे लक्षण होय.

मग वापरावे काय? पूर्वी या प्रश्नाला सोवळ्याचीही बाजू होती. विलायती साबणात जनावराची चरबी असते म्हणून अनेक घरांत त्याला मज्जाव असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पती-तेलांचा साबण बाजारात आणला, तेव्हा कुठे अशा घरांचा संकोच कमी झाला. आज निवड निराळी आहे : वडी की बाटली?

वडीवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय करावी. भारतीय मानकानुसार 'टॉयलेट सोप'च्या पहिल्या प्रतीत एकूण मेदद्रव्य किमान ७६ टक्के, दुसरीत ७० व तिसरीत ६० टक्के असावे लागते. ज्यावर 'बेदिंग बार' असे छापलेले असते त्याचे मानक वेगळे असून तेथे ४० टक्केही चालतात. मेदद्रव्य अधिक म्हणजे भर कमी, इतकाच याचा अर्थ. साबण सौम्य आहे असे त्यावरून ठरत नाही. खरा साबण मूळचाच अल्कधर्मी, त्याचा सामू साधारणतः नऊ ते दहा. आणि निरोगी त्वचा किंचित आम्ल, तिचा सामू पाचच्या आसपास. बाटलीतील द्रवात बहुधा साबण नसतोच, संश्लिष्ट प्रक्षालके असतात. दुष्फेन पाण्यात त्यांचा साका होत नाही व त्यांचा सामू त्वचेशी जुळता ठेवता येतो, हे त्यांचे गुण. परंतु त्यांतील काही प्रक्षालके तीव्र असतात, सुगंधाने कित्येकांना खाज सुटते, शिवाय प्लास्टिकची बाटली उरते ती वेगळीच. तेव्हा जुने ते सोने किंवा नवे ते हवे, अशी घाई दोन्ही बाजूंनी नको.

एका वडीने सारे घर नाहते, त्यातून रोग पसरत नाही का, असे मुली विचारतात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वड्यांवर मुद्दाम जंतू लावून १६ जणांना त्यांनी हात धुवावयास दिले होते. हातांवर ते जंतू आढळले नाहीत. वडी मात्र पाण्यात लोळत ठेवू नये, निथळत ठेवावी. काळजी घ्यावयाची ती घासणीची. घोसाळ्याची वाळकी जाळी असो वा नायलॉनची, तिच्यात मेलेली कातडी अडकते, ओल राहते आणि जंतूंना घर मिळते. ती प्रत्येकाची स्वतंत्र असावी, वापरानंतर उन्हात वाळवावी व वरचेवर बदलावी. पाठीपुरता जुन्या पंचाचा तुकडा याहून बरा, कारण तो रोज धुता येतो.

आणि हात? येथे मला एक घरगुती प्रसंग सांगणे भाग आहे.

सासूबाई येऊन तीन वर्षे झाली असतील. न्हाणीत पाय घसरून त्यांचे मनगट मोडले आणि त्यांना स्नान घालण्याचे काम माझ्याकडे आले. ज्यांच्यासमोर मी इतकी वर्षे पदर सावरून वावरले, त्यांच्या उघड्या अंगाला हात लावण्याचा मला संकोच. त्यांना तर त्याहून अधिक. म्हणून मी नायलॉनची जाळी घेतली. खरे सांगावयाचे तर ती स्वच्छतेसाठी नव्हती, आम्हा दोघींच्या मध्ये काहीतरी असावे म्हणून होती. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ती जाळी नको गं, टोचते. हातानेच लाव."

मी हातावर फेस करून पाठ, काखा, गुडघे असे करीत पायांपर्यंत आले. डाव्या टाचेखाली बोटांना काही ओलसर, मऊ लागले. पाय उचलून पाहिला तर रुपयाएवढी जखम. "दुखत नाही का?" मी विचारले. "कुठे काय? मला तर काहीच नाही," त्या म्हणाल्या. त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह होता आणि पायांची संवेदना गेली होती. माहेरच्या सवयीने त्या भेगाळलेल्या टाचा रोज वजरीने घासत; कातडी कधी निघाली हे त्यांना कळलेच नव्हते. जखम भरावयास तीन महिने लागले. वेळेवर आणलेत म्हणून पाय वाचला, असे डॉक्टर म्हणाले. जाळी हातात असती तर मला ती जखम कळली नसती, हे मी कधीही विसरणार नाही.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. पाणी कोमट असावे. आधी अंग भिजवावे, मग तळहातावर फेस करून तो काखा, जांघा, पावले आणि घामाच्या घड्या येथे लावावा. हातापायांच्या उरलेल्या भागाला, अंग मळलेले नसेल तर, रोज साबणाची गरज नाही. भरपूर पाण्याने तो धुऊन काढावा. पंचाने रगडू नये, टिपावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि अंगात किंचित ओल असतानाच तेलाचा हात फिरवावा. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायांना वजरी किंवा दगड लावू नये आणि त्यांचे तळवे कोणीतरी रोज पाहावेत.

आपल्या पूर्वजांना सामू ठाऊक नव्हता, पण क्रम ठाऊक होता. नरक चतुर्दशीला आधी तेल, मग उटणे. उटण्यातील पीठ व चूर्णे जादा तेल टिपून घेतात, सारेच ओरबाडून नेत नाहीत. रिठ्याच्या फेसाला दुष्फेन पाण्याचीही फारशी अडचण होत नाही. आणि गंमत अशी की, आपण ज्या पहाटे कारीट फोडून अभ्यंगस्नान करतो, तो दिवस राजस्थानात 'रूप चौदस' म्हणून पाळतात व उबटन लावून नाहतात. आमच्या शेजारणीने सासूबाईंना बेसन, हळद आणि बाडमेर-बिकानेरकडे खाणीतून निघणारी मुलतानी माती यांचे मिश्रण दिले. सासूबाईंनी तिला आंबेहळद, वाळा आणि नागरमोथ्याची पुडी दिली. दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच कळे. उटणे मात्र दोन्ही घरांत संपले.

पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकी जे आज आपल्यात आहेत, ते वृद्ध झाले आहेत. कित्येकांची मुले दूरदेशी आहेत. त्यांच्या डब्याची आणि औषधांची व्यवस्था आपण करतो, ती स्तुत्यच आहे. पण पाठीला हात पोचत नाही, खाली वाकता येत नाही, हे ते कोणाला सांगत नाहीत. माझ्या सासूबाईंनीही सांगितले नव्हते. मनगट मोडले म्हणून मला कळले. येत्या दिवाळीत मंडळातर्फे उटण्याच्या पुड्या वाटल्या जातील. त्या देऊन लगेच परत फिरू नका, अशी माझी विनंती आहे. थोडे बसा. तेल लावून देऊ का, असे विचारा. आणि पावलांना तेल लावताना तळवा एकदा उजेडात पाहा.