एच.आय.व्ही.बाधितांचा क्षयरोग



१ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एच.आय.व्ही.बाधितांस सरकारी केंद्रांतून विनामूल्य औषधोपचार मिळू लागला. तथापि या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आजही क्षयरोगच आहे. म्हणून प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारलेच पाहिजेत : खोकला आहे काय? ताप येतो काय? वजन घटले काय? रात्री घाम सुटतो काय?

एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास तपासणी करावी. प्रतिकारशक्ती क्षीण झाली असता थुंकीत जंतू विरळ असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले नाहीत, एवढ्यावरून निश्चिंत न राहता सीबीनॅट तपासणी करून घ्यावी.

दोन्ही रोग असल्यास प्रथम क्षयावरील औषधे सुरू होतात आणि काही आठवड्यांत एच.आय.व्ही.वरील. रिफॅम्पिसिनमुळे डोल्यूटेग्रॅव्हिरचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणून ते दिवसातून दोनदा द्यावे लागते.

यानंतरचे पहिले काही आठवडे कसोटीचे होत. सावरू लागलेली प्रतिकारशक्ती दडलेल्या जंतूंवर तुटून पडते; त्यामुळे कधी ताप पुन्हा येतो, गाठी सुजतात. रुग्णास वाटते, औषधच बाधले. आणि तो ते सोडून देतो. वाचू शकणारा जीव अशा वेळी हातचा जातो. असे घडल्यास आपल्या मनाने औषध न थांबविता त्वरित केंद्रात यावे, हे त्यास व त्याच्या घरच्यांस पहिल्याच दिवशी समजावून सांगणे हे आपले कर्तव्य आहे.